पोपटाचं पीस तुटलंय? आधी हात आवरा, मग या चुका टाळा

पोपटाचं एखादं पीस तुटलं, शेपटीचं टोक झिजलं, पंखाला खरचटून टिपकाभर रक्त आलं, तर बहुतेक वेळा पक्षी आपला आपण बरा होतो. जे काय बिघडतं ते आपल्या हातांनी बिघडतं. मला इंदूरभरातून फोन येतात, सुदामा नगर, टिळक नगर, रामबाग, कधी देवासहूनसुद्धा, आणि फोनवर कोणी नुसतं "पीस तुटलंय" म्हणत नाही, "पीस तुटलंय आणि आम्ही ना त्याला हे लावलंय" म्हणतात. ते "हे" म्हणजे काय असेल याचा नेम नसतो. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट, माणसांचं अँटिसेप्टिक क्रीम, सगळं ऐकून झालंय. (कॉफी तर चुकूनही नको, चोचीने पिसं साफ करताना ती पोटात जाते आणि कॅफीन पक्ष्याला विष आहे.)

म्हणून हे एकदा लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक पाठवीन आणि चहा पिईन.

तुटलेलं पीस कुठलं आहे तेच न बघणं

पूर्ण वाढलेलं पीस म्हणजे आपल्या नखासारखं, त्यात ना रक्त ना नस, तुटलं तर दुखत नाही. दांडी पांढरट, पोकळ दिसते. असं पीस तुटलं असेल तर काही करायचं नाही, खरंच काही नाही, फार तर लोंबणारा तुकडा पक्ष्याला त्रास देत असेल तर डॉक्टरकडून कापून घ्या. पण नवीन उगवणारं पीस असतं त्याची दांडी जाड, निळसर-काळपट, वर मेणचट आवरण, आणि आत चक्क रक्त वाहत असतं. याला ब्लड फेदर म्हणतात. हे तुटलं की रक्त येतं, आणि पंख फडफडवला की ते भिंतीवर, पडद्यावर, तुमच्या चष्म्यावर उडतं, त्यामुळे आहे त्यापेक्षा दुप्पट वाटतं आणि घरातले सगळे एकदम ओरडायला लागतात.

रक्ताचा हिशोब माहीत असलेला बरा. पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण दहावा भाग रक्त असतं. कॉकाटील (तो तुरेवाला छोटा पोपट) ८० ते १०० ग्रॅमचं, म्हणजे रक्त ८ ते १० मिली, दोन छोटे चमचे. तब्येतीने चांगला पक्षी यातलं एक मिलीपर्यंत, म्हणजे वीसेक थेंब, सहसा सहन करतो. बजरीगर (ज्याला आपण सगळे सरसकट लव्हबर्ड म्हणतो) ३०-३५ ग्रॅमचं, त्याच्याकडे सगळं मिळून तीन मिलीच, त्यामुळे त्याच्या बाबतीत थेंबसुद्धा मोजायचे. चार थेंब पडले म्हणून घाबरायचं नाही, पण "थांबेल आपोआप" म्हणून मॅच बघत पण बसायचं नाही.

ब्लड फेदर उपटणं

ही माझी खास नावडती चूक आहे आणि यावर मी लांबण लावणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा, पण प्लकर हातात असेल तर आधी खाली ठेवा.

दिवाळीतली गोष्ट, लक्ष्मीपूजनाची रात्र. भंवरकुआँकडे कोचिंगसाठी रूम घेऊन राहणारा बऱ्हाणपूरचा एक मुलगा, हौसेने कॉकाटील आणलेलं, पिंजरा कुठे ठेवला तर रस्त्याकडच्या खिडकीत. खाली पोरांनी लड लावली, त्यात लाइट गेली, आणि कॉकाटील अंधारात बिथरलं. हे पक्षी रात्री दचकण्यासाठी प्रसिद्धच आहेत, अंधारात काही दिसत नाही आणि ते आंधळ्यासारखे जाळीवर आपटत राहतात. डाव्या पंखाचं एक ब्लड फेदर मोडलं. इथपर्यंत किरकोळ प्रकरण होतं. पण साहेबांनी व्हिडिओ बघितला. व्हिडिओत एक माणूस झटकन पीस ओढतो, रक्त थांबतं, म्युझिक वाजतं. याने रूममेटला पक्षी धरायला लावला, बहिणीचं भुवया करायचं प्लकर कुठूनतरी निघालं, आणि ओढलं. पीस मुळातून आलंच नाही, कातडीजवळ चिरडून तुटलं, तिथली कातडी फाटली, आणि मग जे रक्त सुरू झालं ते थांबेना. फोनवर मला म्हणतो, "काकू, व्हिडिओत तर लगेच थांबलं होतं हो."

स्कूटर काढून गेले, वरून रॉकेट, खालून धूर. रूममध्ये गेल्यावर बघते तर स्विचबोर्डपर्यंत बारीक बारीक लाल शिंतोडे, प्लकर फिजिक्सच्या नोट्सवर पडलेला, आणि कॉकाटील पिंजऱ्याच्या तळाला डोळे अर्धे मिटून, पंख अंगापासून जरा लांब धरून बसलेलं, तुरा एकदम मागे चिकटलेला. मी लाइट कमी करायला सांगितली, पातळ टॉवेलने उचललं, गॉजची घडी फाटलेल्या जागेवर ठेवून दोन बोटांनी दाबून धरली, बाकी काही नाही. रूममेट दर दहा सेकंदांनी "थांबलं का बघू" करत होता, त्याला बाहेर पाठवला. हे उचलून बघणंच नडतं, जमत आलेली गुठळी गॉजबरोबर निघून येते. दोन-तीन मिनिटं सलग दाबायचं, न बघता. तेवढी मिनिटं फार लांब वाटतात, मला माहितीये.

थांबलं. सकाळी डॉक्टरकडे नेलं, हाड शाबूत होतं, नशीब. पण पिसाचं मूळ दुखावलं गेलं ते गेलंच, त्या जागी आता दर वेळी पीस उगवतं ते पिळवटलेलं उगवतं.

आता उपटणं का वाईट ते समजून घ्या. पंखाची मोठी उडायची पिसं नुसती कातडीत खोचलेली नसतात, त्यांची मुळं थेट हाडाला धरून असतात. तुम्ही पीस ओढता तेव्हा हाड ओढता. आधार न देता ओढलं तर एवढंसं हाड मोडू शकतं. आणि भयंकर दुखतं. पूर्वी पुस्तकांतही "उपटून टाका" असंच लिहायचे, नाही म्हणत नाही, पण आताचे पक्ष्यांचे डॉक्टर सहसा आधी दाबून रक्त थांबवायला बघतात, आणि नाहीच थांबलं तर दवाखान्यात, दुखणं कमी करायचं औषध देऊन, पंखाला नीट आधार देऊन काढतात. ते त्यांचं काम. आपलं काम गॉज आणि कॉर्नफ्लॉर. हो, साधं स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लॉर, तुटलेल्या दांडीच्या टोकावर चिमूटभर दाबायचं. मेडिकलमधून रक्त थांबवायची स्टिप्टिक पावडर आणली असेल तर ती फक्त नखाला किंवा दांडीच्या टोकाला, उघड्या कातडीवर अजिबात नाही, भाजल्यासारखी आग होते.

रक्त थांबल्यावर पक्षी लहान खोक्यात किंवा खालच्या दांडीच्या पिंजऱ्यात, अंधुक उजेडात, शांत जागी ठेवायचा आणि बघायला जायचं नाही. पाहुण्यांना दाखवायचं नाही. स्टेटसला टाकायचं नाही.

हळद आणि खोबरेल

आता आज्यांशी भांडण. रामबागेतल्या एका जुन्या घरात जानेवारीत बजरीगरच्या पंखाचं एक पीस वाकलं होतं. फक्त वाकलं होतं, रक्त नाही, काही नाही. आजींनी प्रेमाने खोबरेलात हळद कालवून पूर्ण पंखाला चोळली, आणि उरलेली पोटालापण. संध्याकाळी नातवाने मला बोलावलं, "काकू, तो गोळा होऊन बसलाय." पिवळाजर्द, चिकट, थरथरणारा एवढासा जीव. इंदूरची जानेवारीची रात्र, पारा दहाच्या खाली जातो कित्येकदा. पक्ष्याला ऊब कशामुळे राहते, तर पिसांमध्ये हवा अडकते म्हणून. तेल लागलं की पिसं एकमेकांना चिकटतात, हवा जाते, ऊब जाते. वर तो ते चोचीने साफ करत बसतो म्हणजे सगळं तेल पोटात.

मी म्हटलं, "आजी, याला तेल चालत नाही." तर म्हणाल्या, "आमच्या वेळी बैलाला, गाईला, सगळ्यांना हळद-तेलच लावत होतो गं, कोणी मेलं नाही." आता यावर काय बोलणार. बैल ३०० किलोचा असतो आजी, हा ३० ग्रॅमचा आहे, असं बोलले खरं, त्यांनी ऐकल्यासारखं केलं आणि मला चहा दिला.

तूप, व्हॅसलीन, कुठलंही चिकट मलम, सगळ्याला हाच नियम. लागून गेलंच असेल तर टिश्यूने टिपून घ्या, कॉर्नफ्लॉर भुरभुरून जास्तीचं तेल शोषून घ्या, पक्षी उबेत ठेवा आणि डॉक्टरला विचारा. लगेच शॅम्पू घेऊन नळाखाली धरू नका, ओला आणि गारठलेला पक्षी तेलकट पक्ष्यापेक्षा लवकर जातो. त्या बजरीगरला डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात अगदी थोडं भांड्यांचं लिक्विड घालून, एकदम नाही, थोडं थोडं करून, उबदार खोलीत धुतलं. एका वाकलेल्या पिसापायी एवढं रामायण.

जखम साफ करायची असेल तर मेडिकलमधली नॉर्मल सलाइनची बाटली आणा, ०.९ टक्क्यांची, गॉज भिजवून हळूच टिपा. झालं. डेटॉल नाही, स्पिरिट नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. बधिर करणाऱ्या क्रीममध्ये बेन्झोकेनसारखी औषधं असतात, ती पक्ष्याला घातक ठरू शकतात. आणि माणसांची दुखण्यावरची गोळी "अगदी कणभर" करून देणारे लोक असतात, त्यांना काय म्हणावं मला कळत नाही. ८० ग्रॅमच्या जीवाचा कणभर तुम्ही कुठल्या काट्यावर मोजला?

बाकीच्या, भरभर

छाती दाबून धरणं. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती पुढे-मागे हलली तरच श्वास चालतो. चोच लागेल या भीतीने लोक मुठीत आवळतात आणि पक्षी जखमेने नाही, गुदमरून जातो. डोकं दोन बाजूंनी धरा, अंग टॉवेलात सैल.

चिकटपट्टी. काढताना चार चांगली पिसं घेऊन येते.

अंगाभोवती बँडेज गुंडाळणं, वर सांगितलेलंच कारण, श्वास.

"बॅलन्स" व्हावा म्हणून दुसऱ्या पंखाची पिसं कापणं. कोणी सुचवलं हे?

थंडीत दिवसरात्र पिवळा बल्ब लावून ठेवणं. ऊब हवी, उजेड नको, पक्ष्याला झोप लागते. दुखणाईत पक्ष्याला साधारण २८ ते ३० डिग्री बरी. मी गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवते, म्हणजे गरम झालं तर तो सरकू शकतो. दोन्हीकडून तापवला तर जाणार कुठे?

लगेच आंघोळ घालणं. रक्त थांबून एखाद दिवस जाऊ द्या, मग स्प्रेने साधं पाणी.

धूप, अगरबत्ती, मच्छर कॉइल त्याच खोलीत. पक्ष्यांची फुप्फुसं नाजूक. आणि नॉनस्टिक तवा फार तापला की त्याचा वाफारा पक्ष्याला मिनिटांत मारतो, त्यामुळे दुखणाईत पक्ष्याला "उबेत" म्हणून स्वयंपाकघरात ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

लाड म्हणून पोह्यांतला घास देणं. इंदूरचा माणूस कोणालाही शेव दिल्याशिवाय सोडत नाही हे कबूल, पण पोह्यात कांदा, वर जिरावण, वर शेव, म्हणजे नुसतं मीठ आणि मसाला. दुधातली पोळीपण नको, पक्ष्याला दूध पचत नाही. हिरवी मिरची मात्र खुशाल द्या, तिखट त्याला लागतच नाही.

किरकोळ नाही ते किरकोळ समजणं

इथे मी गंमत करणार नाही. मांजराचा दात किंवा नख लागलं असेल, भले टाचणीएवढं भोक दिसत असेल, रक्तही नसेल, तरी त्याच दिवशी डॉक्टर. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो, अँटिबायोटिक लवकर सुरू झालं तरच आशा. "खेळतोय, खातोय, ठीक आहे" हे मी इतक्यांदा ऐकलंय आणि परवा फोन येतो तेव्हा आवाज वेगळा असतो.

एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबत असेल तर ते पीस नाही, हाड आहे. दाबूनही दहाएक मिनिटांत रक्त थांबत नसेल, पक्षी तळाला बसत असेल, बसल्या जागी श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत असेल, तर हे वाचत बसू नका, निघा.

आणि पिसं रोज जात असतील, छातीवर टक्कल पडत असेल पण डोक्यावरची पिसं मस्त शाबूत असतील, तर तो स्वतःच उपटतोय, डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही म्हणून ती वाचतात. ती जखम नाही, त्यामागे कंटाळा, खाणं, आजार काहीही असू शकतं. त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची कॉलर करून घालू नका, ती अडकून पक्षी उलटा लटकलेला पाहिलाय.

"नवीन पीस कधी येणार?"

रविवारपर्यंत नाही. हा प्रश्न विचारणारे बहुतेक नवे असतात आणि तिसऱ्या दिवशी परत विचारतात. मुळातून गळलेलं पीस साधारण दीड-दोन महिन्यांत भरतं. अर्धवट तुटलेलं मात्र मूळ जागेवर असेपर्यंत तसंच राहतं, पुढच्या पिसं गळायच्या मोसमात ते पडेल, मग नवीन येईल. त्याला कित्येक महिने लागू शकतात. हे ऐकून काही जण "मग उपटूनच टाकतो, लवकर येईल" म्हणतात, त्यांनी वरची दिवाळी परत वाचावी.

तेवढ्या काळात खाण्याकडे बघा, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीन, नव्वद टक्क्यांच्या आसपास. नुसत्या सूर्यफुलाच्या बिया वाडगाभर टाकून पिसं तकतकीत होत नाहीत, त्यात व्हिटॅमिन एपण नाहीच म्हणा. मोड आलेले मूग, उकडलेलं अंडं, गाजर, पालक, शेवग्याचा पाला. माझ्याकडे शेवगा सगळ्यात आवडता आहे, फुकट मिळतो हेही आहेच.

नवीन ब्लड फेदर एकटं उगवत असतं तेव्हा ते परत मोडायची भीती जास्त. शेजारची मोठी पिसं त्याला आडोसा देतात, म्हणूनच "उडू नये" म्हणून पंख कापलेल्या पक्ष्यांची ब्लड फेदर सारखी मोडतात. कापणाऱ्या दुकानदाराला हे माहीत नसतं आणि तुम्हाला त्याने सांगितलेलं नसतं. पिंजरा इतका रुंद हवा की दोन्ही पंख पसरले तर जाळीला लागणार नाहीत, गोल शोभेचा पिंजरा भंगारात द्या. रात्री झिरोचा मंद दिवा चालू ठेवा. दिवाळीत आणि रंगपंचमीला, विशेषतः राजवाड्याच्या आसपास गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) वाटेवर राहत असाल तर, पिंजरा आतल्या खोलीत, तीन बाजूंनी चादर. आणि पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी छताचा पंखा बंद. कमी स्पीडवर नाही, बंद.

डॉक्टरकडे जाताना

आपल्याकडे कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण पक्ष्याला हात लावणारे थोडे, म्हणून आधी फोनवर सरळ विचारा, "पोपट बघता का?" महूला व्हेटरनरी कॉलेज आहे, १९५५ पासूनचं, इंदूरहून तासाभराच्या आत पोचता येतं, तो पर्याय माहीत असू द्या. रात्री अकराला शोधाशोध करण्यापेक्षा आज दुपारीच नंबर काढून फ्रिजवर चिकटवा.

एक भानगड आधीच सांगते. गळ्यात गुलाबी-काळी कंठी असलेला आपला देशी हिरवा पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे लोक त्याला दवाखान्यात न्यायला घाबरतात आणि घरीच हळद लावत बसतात, म्हणजे दुहेरी वाट लागते. जखमी सापडला असेल तर वनविभागाला कळवा, "आजोबांच्या वेळेपासून आहे" हे सांगून काही होत नाही. कॉकाटील-बजरीगरचा हा प्रश्न नाही, पण सन कोन्यूर, मकाव वगैरे विदेशी मंडळी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ती झालीये ना बघा.

नेताना मोठा पिंजरा स्कूटरवर दोन पायांत धरून नेऊ नका, प्रत्येक खड्ड्याला तो पंख आपटतो. भोकं पाडलेलं बुटाचं खोकं पुरतं, खाली साधा पांढरा कागद, वर ओढणी. पांढरा कागद यासाठी की वाटेतली विष्ठा डॉक्टरला दिसते. गडद हिरवी आणि अगदी थोडी असेल तर पक्षी खात नाहीये हे त्यांना लगेच कळतं. मोडलेलं पीस सापडलं तर तेही पुडीत बांधून न्या. ग्रॅममध्ये मोजणारा किचनचा काटा असेल तर रोज सकाळी खायच्या आधीचं वजन लिहून ठेवलेला कागद न्या, नसेल तर काटा घ्या, तो त्या स्टीलच्या झोपाळ्यापेक्षा आणि आरशापेक्षा स्वस्त पडतो. शंभर ग्रॅमचा पक्षी नव्वदवर आला की पिसाचं राहू द्या, वजनाचं आधी विचारा. आणि काय काय लावलंय ते खरं सांगा, डॉक्टर रागावतील, रागावू देत.